आक्काला आठवावं म्हणून

आक्काला सगळं आठवावं म्हणून मी रोज सकाळी ओढ्यावर जाते. गावात याचा फार चांगला अर्थ लावतात. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं डोकं आता ठिकाणावर नाही. जेवली की जेवल्याचं विसरते, आणि जेवायची राहिली तर तेही विसरते. आणि मी, धाकटी, या वयात गुडघे धरत ओढ्यात उतरते, ब्राह्मी खुडते, घरी येऊन चटणी वाटते आणि तिच्या ओसरीवर बसून तिला भरवते. मारुतीच्या पारापाशी बायका म्हणतात, "जाऊ आसावी तं आशी." मी मान खाली घालून पुढे जाते. त्यांना काय सांगू, की यात प्रेमाचा काही संबंध नाही. माझा तिच्यावर राग आहे. फार जुना आहे, पण शिळा झालेला नाही. मी तो झाकून, जपून ठेवलाय. मला तिच्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय. "ती पानं माझी हुती," एवढंच. ते वाक्य तिच्या डोक्यात कुठेतरी आहे आणि ते डोकंच दिवसेंदिवस रिकामं होत चाललंय. माझी सगळी धावपळ त्यासाठी आहे.

गौरी गेल्या की आमचा ओढा निवळतो. तोवर तो लाल, मुरमाड पाणी घेऊन गडबडीत असतो. मग पाझर तलाव भरून वाहायचा थांबतो, पाणी नुसतं झिरपत राहतं, आणि ओढ्यात खालचे गोटे दिसायला लागतात. पारनेरच्या या बाजूला एरवी माळच माळ. पण तलावाच्या खालच्या अंगाला या दिवसांत असं हिरवं होतं की परका माणूस फसावा. काठावर माका पांढऱ्या फुलांनी भरतो. पाण्यावर चतुर घिरट्या घालतात. वरच्या रानात बाजरीची कणसं खुडणाऱ्या बायकांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येतं, कुठे कांद्याची रोपं टाकायची गडबड, कुठे ज्वारीसाठी रान तयार करायची. हवेत बाजरीच्या भुशाचा वास असतो, तो घशाला खाजवतो. आणि पाण्याच्या कडेला, चिखलात पाय रुतवून, ब्राह्मी पसरलेली असते. हे सगळं दरवर्षी परत येतं, आणि दरवर्षी मी परत लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या दिवाळीत जाऊन उभी राहते.

ब्राह्मी ओळखायची तर आधी खाली बसायला हवं. उभ्याउभ्या ती कुणालाच ओळखता येत नाही. वाटोळं पान, देठापाशी खोल खाच, कडेला कातरल्यासारखे बारीक दाते. देठ लांब, बोटभर, पान त्यावर छत्री धरल्यासारखं. वेल उठत नाही, जमिनीला धरून सरकते आणि पेऱ्यापेऱ्याला मूळ टाकते. फूल शोधायचं तर पानं बाजूला सारावी लागतात. अगदी मातीजवळ, तांबूस, तांदळाच्या कणीएवढं. मग एक पान चुरगाळून नाकाशी न्यायचं. गाजराचा पाला मोडला की येतो तसा वास, थोडा कोथिंबिरीकडे झुकणारा. माझी मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती तेव्हा तिनं सांगितलं, की ब्राह्मी गाजराच्याच घराण्यातली आहे. कोथिंबीर, शेपू, ओवा, जिरं, बडीशेप, ही सगळी तिची भावंडं. काही ठिकाणी बारीक, जाड पानांच्या दुसऱ्याच एका वेलीला ब्राह्मी म्हणतात, असंही ती म्हणाली. म्हणत असतील. आमच्याकडे हीच.

आता उंदीरकानी. तिचंही पान वाटोळं, तिलाही खाच, तीही पेऱ्याला मूळ धरत जमिनीवरून चालते. अनोळखी माणसानं दोघी शेजारी पाहिल्या तर बहिणी म्हणेल. पण उंदीरकानीचं पान लहान, देठ आखूड, हाताला किंचित खरखरीत. चुरगाळलं तर नुसता पाल्याचा वास, त्यात गाजर नाही की कोथिंबीर नाही. ती रताळ्याच्या गोतातली. आणि तिला पिवळं फूल येतं, ते चार पावलांवरूनही दिसतं. ब्राह्मीला पाय ओले लागतात. उंदीरकानी बांधावर, काळ्या रानात, कमी पाण्यातही भागवून घेते. माझं माहेर कर्जतकडचं, आमच्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी कर्जतकडचं. आमच्या बांधावर उंदीरकानीच उंदीरकानी होती. आई लसणाची फोडणी देऊन तिची भाजी करायची, भाकरीबरोबर आम्ही ती पोटभर खायचो. म्हणजे ब्राह्मी ओळखायला मी एखादवेळ चुकले असते, पण उंदीरकानी मी झोपेतसुद्धा ओळखली असती. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या वतीनं हे कुणी कधी बोललं नाही.

लग्न होऊन मी या घरी आले ती उन्हाळ्यात. सगळ्यांना माझ्या माहेराची फार गंमत. "कर्जतची हाय, हिरवं दिसलं की गवतसुदीक खाईल," असं सासूबाई हसत हसत म्हणायच्या, आणि मी पण हसायची. नवी होते, हसण्यावाचून दुसरं काय करणार. आक्का तेव्हा भरल्या अंगाची, खणखणीत आवाजाची. तिच्या चालण्याचा आवाज आला की गोठ्यातली गाय मान वळवायची. मला तिनं कामं दाखवली, पाण्याची वाट दाखवली, चुलीचा धूर कुठून बाहेर काढायचा ते दाखवलं. मी तिच्या मागे मागे असायची. मला ती आवडायची, हेच आता जास्त झोंबतं.

आमच्या घरात एक रीत होती. नव्या सुनेनं पहिल्या दिवाळीच्या आधी ब्राह्मी-माक्याचं तेल कढवायचं आणि घरात जे कुणी सगळ्यात लहान मूल असेल त्याच्या टाळूला त्या तेलाचं पहिलं बोट लावायचं. त्या तेलावरून सुनेचा हात कसा आहे ते ठरायचं. एकदा ठरलं की ठरलं. पानं आणायला थोरल्या जावेनं सोबत जायचं, आणि तिच्या कामात नव्या सुनेनं खोट काढायची नाही, हीही रीतच. त्या वर्षी माझी नणंद बाळंतपणाला आलेली होती. तिची मुलगी सव्वा महिन्याची होऊन गेलेली, गोरीपान, डोक्यावर नुसती लव. मला तिला घ्यायची फार हौस वाटायची.

आम्ही सकाळी ओढ्यावर गेलो. मी पाण्याच्या कडेला बसले, लुगड्याचा काठ भिजला. आक्का वरच्या बांधाच्या बाजूला खुडत होती. मला वाटलं, ती माका घेतेय. परत निघताना तिनं आपली ओटी माझ्या टोपलीत रिकामी केली, आणि मला पिवळी फुलं दिसली. एक-दोन चुकून आलेली नव्हेत, सगळीकडे. मी टोपली काखेला लावली. पहिल्या दिवाळीच्या आधी थोरल्या जावेला, "आक्का, तुमचं चुकलंय," असं म्हणायची कुणाची छाती आहे! म्हटलं, घरी निवडताना गुपचूप बाजूला काढीन. घरी सूप घेऊन बसले तर सासूबाईंच्या देखत आक्का म्हणाली, "निवडीत काय बसलीस? मी बगूनच आनलंय." झालं. सगळी पानं पाट्यावर गेली.

त्या तेलाचा वास मला अजून येतो. पितळी पातेलं, खाली मंद जाळ, खोबरेलात हिरवा रस पडला की चर्र आवाज आणि फेस. फेस खाली बसेपर्यंत ढवळत राहायचं. चोथा बोटांत वळून पाहायचा, वळला की झालं. मग कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी राहिलंय, गुमान जळली तर तेल तयार. माझी वात गुमान जळली. अगदी सरळ, एक आवाज न करता. सासूबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले. बाळाच्या टाळूला मी बोट लावलं तेव्हा ती मऊ जागा बोटाखाली धडधडत होती.

दोन-तीन दिवसांत बाळाच्या डोक्यावर पुरळ उठलं. आता मला वाटतं, ते घामोळं असणार. दिवाळीच्या तोंडचं ऊन, त्यात बाळाला टोपडं घट्ट बांधलेलं, खोलीत शेगडी आणि धुरी. उंदीरकानीनं कुणाचं काही बिघडत नाही, आम्ही ती जेवत आलोय. पण नणंद रडायला लागली, आणि सासूबाईंनी ओसरीवर सगळ्यांसमोर विचारलं, "पानं कुनी आनली हुती?"

मी आक्काकडे पाहिलं. मला खरंच वाटलं, ती सांगेल. फार तर म्हणेल, दोघींनी आणली. आक्कानं माझ्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "मंदानं खुडली. मी तरी कुटं कुटं बगनार? कर्जतच्या पोरीला काय कळतंय हिरव्यातलं. उंदीरकानी आनली आसंल."

सासूबाई नुसतं 'पानं' म्हणाल्या होत्या. उंदीरकानीचं नाव त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा काढलं ते आक्कानं. म्हणजे तिला माहीत होतं. ओढ्यावर कळलं की नंतर कळलं, मुद्दाम केलं की चूक झाली आणि मग अंगावरून झटकली, एवढाच काय तो प्रश्न. हा मुद्दा मला त्याच क्षणी सुचला असता तर! पण तो मला सुचला रात्रीची भांडी घासताना, आणि तेव्हा ओसरीवर कुणी नव्हतं. तेव्हापासून मी तो मुद्दा मनातल्या मनात इतक्या वेळा मांडलाय की एखाद्या वकिलानं लाजावं.

तेल गोठ्यामागे ओतून दिलं. नणंदेनं बाळ माझ्या मांडीवरून उचलून नेलं. आणि माझं नाव पडलं. आधी घरात, मग आळीत, मग गावात. उंदीरकानी. "उंदीरकानीच्या घराकडनं जा आन डावीकडं वळ." "उंदीरकानीची पोरगी हुशार हाय बगा." चिडवायचं म्हणून म्हणणारे गेले, आता त्यामागची गोष्ट माहीत नसलेली पोरंसुद्धा म्हणतात, तीही आदरानं, "उंदीरकानी आज्जी". मी पुढे बालवाडीत मुलांना शिकवलं, पानं-फुलं ओळखायला शिकवली, आणि निवृत्तीच्या दिवशी हार घालणाऱ्यानं भाषणात तेच नाव घेतलं. सगळे प्रेमानं हसले. आता एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आलं. जिल्ह्याचं नाव बदलता येतं, माझं मात्र कुणाला बदलता येईना.

नावाचंही एक वेळ सोसलं असतं. पण माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी तिच्या टाळूला मला तेल घालू दिलं नाही. माझ्या पोटच्या पोरीच्या. "तुजा हात नगं," म्हणाल्या, आणि आक्काला हाक मारली. मी बाजेवर पडून बघत होते. आक्का पाय पसरून बसली, माझी लेक तिच्या पायांवर, आणि ती चांगली चोळून चोळून तेल जिरवत होती, वर गाणं म्हणत होती. तिचे हात छान होते, बाळ रडलंसुद्धा नाही. तेव्हा मी ठरवलं, की हे मी विसरणार नाही. माणसाला आयुष्यात पुष्कळ गोष्टी ठरवून जमत नाहीत. ही जमली.

सूड घेतला नाही असं नाही. जमेल तसा घेतला. दिवाळीचा फराळ पाठवताना तिच्या ताटात मोडक्या चकल्या. हळदीकुंकवाला बोलावणं तिला सगळ्यात शेवटी. लोकांना हे बारीकसारीक वाटेल, पण एका भिंतीच्या शेजारात राहून मोठा सूड घेता येत नाही, रोज तोंड बघायचं असतं. पुढे वाटण्या झाल्या, सासूबाई गेल्या, आणि तेल कढवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं, कारण कुणाला ते खटाटोप नको होते आणि मला ते नीट येत होतं. लोक लांबून यायला लागले. काय म्हणत यायचे? "उंदीरकानीकडचं तेल."

मग मला एक चांगला सूड सापडला. तेल न्यायला आक्का यायची तेव्हा मी मुद्दाम दोन्ही पाले मिसळून सुपात घेऊन बसायची. म्हणायची, "आक्का, तेवढं निवडून द्या. मला आताशा बारीक दिसत न्हाई." ती सूप पुढ्यात ओढायची. एकेक देठ उचलायची, पिवळं फूल दिसलं की बाजूला, आखूड देठ बाजूला, शंका आली की चुरगाळून नाकाशी. एकदाही चुकली नाही. मी म्हणायची, "तुमची नजर लई चांगली हाय. पैल्यापास्नंच हुती का?"

"हुती की," ती म्हणायची, आणि सूप माझ्याकडे सरकवायची. तिचे कान लाल झालेले मला दिसायचे. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

एकदा कुणाकडून तरी कळलं, की आक्काच्या पहिल्या दिवाळीचं तेल करपलं होतं. त्यावरून तिला सासूबाईंनी वर्षानुवर्षं बोल लावले. स्वयंपाकात मीठ कमी पडलं तरी ते करपलेलं तेल निघायचं. मी आले आणि ते निघायचं थांबलं, कारण आता घरात दुसरं तेल होतं. म्हणजे तिनं ते का केलं, ते मला समजतं. भीती असेल. माझ्या सरळ जळलेल्या वातीकडे तिनं कसं पाहिलं होतं, तेही आठवतं. पण समजलं म्हणून माफ करायलाच पाहिजे, असं कुठे आहे? मला समजलंय आणि मी माफ केलेलं नाही, दोन्ही एका वेळी चालतं.

तिचं विसरणं सुरू झालं ते चहापासून. चहात मीठ. मग किल्ल्या. मग एक दिवस गेलेल्या सासूबाईंना हाका मारत गोठ्यात गेली. तिच्या सुनेनं, रूपालीनं, नगरला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हे वाढत जाणार, सांभाळून घ्या. हे ऐकलं तेव्हा, खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, फेड आता माझ्या नावाचं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी कांदे चिरता चिरता मी सुरी खाली ठेवली. सासूबाई नाहीत. नणंद पुण्यात, ती अजून मला चुकीचं धरते. ज्या मुलीच्या डोक्यावर पुरळ उठलं होतं तिच्या पाठीवर आता मनगटाएवढी वेणी आहे, आणि तरी. त्या सकाळी ओढ्यावर आम्ही दोघीच होतो. आक्का विसरली की ते घडलंच नाही. मग नुसती मी उरणार, माझ्या नावासकट. आरोपी तीच, साक्षीदारही तीच, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत पळून चालली होती.

म्हणून रूपाली जेव्हा म्हणाली, "काकी, ब्राह्मीनं डोस्कं चालतं म्हनत्यात, आत्याबाईंना देऊन..." तेव्हा मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मी आनते रोज," म्हणाले. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, थोडी चटणी खायला हरकत नाही, पण गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. मी आशा धरलेली नाही. मी फक्त प्रयत्न सोडलेला नाही.

मी खुडतेही मन लावून. मुळासकट उपटायची नाही, नखानं देठ तोडायचा, म्हणजे वेल परत फुटते. ओढ्यात गुरं उतरतात, म्हणून वरच्या अंगाची, वाहत्या पाण्याजवळची घ्यायची. मिठाच्या पाण्यात दोनदा धुवायची. तीळ भाजून, हिरवी मिरची, चिंचेचं बुटुक, मीठ, आणि पाट्यावर सरसरीत. कडवटपणा राहतोच, जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो. आक्का पहिल्या घासाला तोंड वाकडं करते. मी थांबते, दुसरा घास पुढे करते आणि रोजचा प्रश्न विचारते.

"आक्का, माज्या पैल्या दिवाळीच्या तेलाची पानं कुनाची हुती?"

रूपालीला वाटतं, हा डोक्याचा व्यायाम आहे. आल्या-गेल्याला कौतुकानं सांगते, "काकी रोज एकच प्रश्न इचारत्यात. आसं केलं की मेंदू जागा ऱ्हातो म्हनं." आक्का कधी म्हणते, "कंची दिवाळी?" कधी म्हणते, "पानं गुरांनी खाल्ली." एकदा मला तिची धाकटी बहीण समजून माझ्या केसांतून हात फिरवत बसली, आणि मी उठून येण्याऐवजी तशीच बसून राहिले, याचा मला घरी येऊन फार राग आला. काही दिवस लख्ख असतात. अशा दिवशी ती गाईचं नाव सांगते, लग्नातल्या लुगड्याचा रंग सांगते, सासूबाईंची नक्कल करते. पण त्या सकाळवर आली की दार लागतं. मी घरी येते, वाटी आदळते, आणि सकाळ झाली की परत ओढ्यावर.

आज रूपाली कांद्याच्या लागणीवर गेली होती. ओसरीवर आम्ही दोघीच. ऊन पायरीपर्यंत आलेलं. आक्काला कुणीतरी स्वच्छ वेणी घातलेली, कपाळाला बारीक टिकली. मी चटणीबरोबर थोडी ओली ब्राह्मीही आणली होती. तिनं त्यातला एक देठ उचलला, पान चुरगाळलं, वास घेतला आणि मान डोलावली. मी घास भरवला. प्रश्न विचारला.

तिनं घास चावून चावून गिळला. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मंदे, रोज रोज त्येच काय इचारतीस?"

माझा हात वाटीतच राहिला. किती महिन्यांनी तिनं मला माझ्या नावानं हाक मारली होती.

"मला येडी समजतीस व्हय?" ती म्हणाली. आवाज बारीक झालाय, पण खणखणीतपणा अजून तळाशी आहे. "पानं कुनाची हुती त्ये मला चांगलं ठावं हाय."

"मग सांगा की." मी वाटी खाली ठेवली.

"न्हाई सांगनार."

"का? आता कुनाची भीती हाय तुमाला? सासूबाई न्हाईत, कोन न्हाई. मी जलमभर त्ये नाव घेऊन फिरले, आक्का. माज्या लेकीच्या टाळूला मला हात लावू दिला न्हाई. एवडं एक वाक्य मागतेय मी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ, सुपातला पाला निवडताना पाहायची तसं. मग म्हणाली, "सांगितल्यावर तू येशील का?"

आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडून बसली.

येईन, असं म्हणायला काय लागत होतं. एक शब्द टाकला असता तर तिनं कदाचित माझं वाक्य दिलंही असतं. पण मी तो टाकला नाही. इतकी वर्षं मी तिच्याशी भांडत आले, खोटा शब्द तिला कधी दिला नाही, ते आज या वयात कसं जमावं. मी उरलेली चटणी तिला भरवली, एकेक घास, अगदी शेवटचा वाटी पुसून. तिनं सगळी खाल्ली. मी उठले. रागानंच उठले, असं मी स्वतःला सांगितलं.

"उद्या येनार न्हाई मी," पायरी उतरता उतरता मी म्हणाले.

"येशील," आक्का म्हणाली. "पर जरा लवकर ये. काल उशीर केलास."

काल मला खरंच उशीर झाला होता.